लाईट नाचतायत? आधी वायर बघा

रंगमंचावरचा एखादा 'एलईडी पार' (एलईडीचा साधा रंगीत दिवा) मध्येच फडफडला, मूव्हिंग हेडने, म्हणजे मान फिरवणाऱ्या दिव्याने, भलतीकडे मान वळवली किंवा दिव्यांचा अख्खा बार क्षणभर विझून परत लागला, की पहिला संशय जातो बोर्डवर, म्हणजे दिवे चालवायच्या कन्सोलवर, बसलेल्या माणसावर. मग प्रोग्रॅमिंगवर, मग त्या बिचाऱ्या फिक्स्चरवर, म्हणजे दिव्यावर. बोर्ड आणि दिवे यांच्या मधे जी ४०-५० मीटर केबल पडलेली असते आणि विंगेत कुठेतरी जो काळा डबा ठेवलेला असतो, त्यांच्याकडे शेवटी कधीतरी लक्ष जातं. माझ्या मते सुरुवातच तिथून करायला हवी.

कारण असं, की दिव्यांना जाणारा हुकूम हा डेटा असला तरी केबलमधून तो वीज म्हणूनच धावतो. विजेचे नियम मोडले तर तो गुपचूप बिघडतो आणि बोर्डच्या स्क्रीनवर त्याचा मागमूसही दिसत नाही. हे नियम फार नाहीत. अडचण एवढीच, की आपल्याकडे ते सहसा कुणी सांगत नाही. "लूप मार (एका दिव्यातून दुसऱ्यात वायर टाक) आणि पुढे चल" एवढंच शिकवलं जातं.

आधी थोडं मागे जाऊ. पूर्वी डिमरला, म्हणजे दिव्याचा उजेड कमीजास्त करणाऱ्या यंत्राला, हुकूम द्यायची पद्धत अगदी सरळ होती. बोर्डवरच्या प्रत्येक स्लायडरपासून त्याच्या डिमरपर्यंत एक स्वतंत्र तार, आणि तारेवर शून्य ते दहा व्होल्ट. पाच व्होल्ट म्हणजे साधारण अर्धा उजेड. २४ डिमर असले की २४ तारा आणि एक कॉमन, म्हणजे मनगटाएवढी जाड केबल. पुढे काही कंपन्यांनी एकाच केबलवरून अनेक डिमरचे आकडे पाठवायच्या आपापल्या पद्धती काढल्या, पण एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या डिमरशी बोलेना. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या 'युनायटेड स्टेट्स इन्स्टिट्यूट फॉर थिएटर टेक्नॉलॉजी' या संस्थेने सगळ्यांसाठी एकच पद्धत ठरवली. तिचं नाव डीएमएक्स ५१२. १९९० मध्ये तिच्यात दुरुस्ती झाली आणि २००४ मध्ये तिला अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. ती बनली होती साध्या डिमरसाठी. मान फिरवणारे, रंग बदलणारे दिवे नंतर तिच्यावर स्वार झाले.

डीएमएक्सचं काम पंगतीतल्या वाढप्यासारखं चालतं. बोर्ड एकामागून एक ५१२ आकडे पाठवतो, प्रत्येक आकडा शून्य ते २५५ मधला. प्रत्येक फिक्स्चरला त्याचं पान कितवं ते आपण अ‍ॅड्रेस टाकून सांगितलेलं असतं. तो मोजत बसतो, आपलं पान आलं की वाढलेलं घेतो, बाकीचं सोडून देतो. वाढपी कुणालाही "मिळालं का?" म्हणून विचारत नाही. पंगत संपली की लगेच पहिल्या पानापासून पुन्हा सुरू.

याचा वेग असा: सेकंदाला अडीच लाख बिट, म्हणजे एक बिट ४ मायक्रोसेकंदांचा. एका आकड्याला ११ बिट लागतात, म्हणजे ४४ मायक्रोसेकंद. सुरुवातीची खूण आणि पूर्ण ५१२ आकडे मिळून एक फेरी साधारण २२.७ मिलिसेकंदांत होते. म्हणजे सेकंदाला जवळपास ४४ फेऱ्या. एखादी फेरी बिघडली तर पुढची लगेच येते, म्हणून लहानसहान चुका डोळ्यांना दिसतही नाहीत. साध्या डिमरवर तर मुळीच नाहीत, कारण हॅलोजनची तार तेवढ्यात थंड होत नाही. एलईडी मात्र तत्काळ प्रतिसाद देतो. त्यामुळे जी लाईन हॅलोजनच्या 'पार कॅन' दिव्यांवर वर्षानुवर्षं 'चालत' होती तीच एलईडी लावल्यावर नाचायला लागते, आणि खापर एलईडीवर फुटतं.

या पद्धतीत पोच नाही आणि चूक पकडायची सोयही नाही. आकडा चुकीचा पोचला तर दिवा तोच खरा मानतो. म्हणूनच आतषबाजी, फिरता रंगमंच, माणसाच्या डोक्यावरून खाली येणारी कुठलीही यंत्रणा, म्हणजे जिथे जिवाला धोका आहे अशी कुठलीच गोष्ट डीएमएक्सवर चालवायची नसते. मानकातच तशी स्पष्ट सूचना आहे. तरी कोल्ड पायरोची (ठिणग्यांचे फवारे उडवणारी) यंत्रं सर्रास डीएमएक्सवर चालवली जातात. तिथे निदान हाताने दाबायचं वेगळं सेफ्टी स्विच तरी असावं.

आता केबलकडे येऊ. डीएमएक्सची विद्युत बाजू आरएस-४८५ या औद्योगिक मानकावर बेतलेली आहे. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा आणि वरून शील्ड. पिन २ आणि ३ वर सिग्नल, पिन १ वर कॉमन. दोन्ही तारांवर एकमेकांच्या उलट सिग्नल जातो आणि रिसीव्हर फक्त दोघांमधला फरक वाचतो. बाहेरून काही गोंगाट शिरला तर तो दोन्ही तारांवर सारखाच बसतो, त्यामुळे फरक तसाच राहतो. २०० मिलिव्होल्टचा फरकसुद्धा रिसीव्हरला पुरतो. इतकी दणकट पद्धत असल्यामुळेच चुकीच्या वायरिंगवरही ती बऱ्याचदा चालून जाते.

फिक्स्चर जोडायचे ते एकापुढे एक: बोर्डमधून पहिल्यात, पहिल्याच्या आउटमधून दुसऱ्यात. बहुतेक फिक्स्चरमध्ये इन आणि आउट आतून सरळ एकमेकांना जोडलेले असतात, म्हणजे लांब वायर एकच आणि तिला जागोजागी कान लावलेले. असे किती कान लावायचे याला मर्यादा आहे: ३२ युनिट लोड, म्हणजे जुन्या हिशोबाने ३२ फिक्स्चर. हल्लीच्या काही चिप कमी भार टाकतात, त्यामुळे चाळीससुद्धा चालून जातात, पण भाड्याने आलेल्या दिव्यात कुठली चिप आहे ते कुणाला ठाऊक?

इथे एक गल्लत हमखास होते. ५१२ आणि ३२ या दोन वेगळ्या मर्यादा आहेत. ६ चॅनेलचे, म्हणजे प्रत्येकी ६ आकडे घेणारे, ४० एलईडी पार लावले तर चॅनेल लागले २४०, म्हणजे ५१२ च्या बरेच आत. पण कान झाले ४०, म्हणून स्प्लिटर, म्हणजे सिग्नल अनेक लाईनींत वाटणारा डबा, हवा. उलट १५० चॅनेलचे चारच पिक्सेल बार लावले तर कान चारच, पण चॅनेल ६००. इथे दहा स्प्लिटर आणले तरी उपयोग नाही, दुसरा युनिव्हर्सच, म्हणजे ५१२ चॅनेलचा आणखी एक संचच, घ्यावा लागेल. स्प्लिटर चॅनेल वाढवत नाही. आहे तोच सिग्नल जास्त ठिकाणी पोचवतो.

टर्मिनेटरबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि लावलेला क्वचित दिसतो. वस्तू अगदी क्षुल्लक: एक्सएलआरच्या (साउंड-लाईटच्या केबलला असतो त्या गोल कनेक्टरच्या) मेल बाजूत पिन २ आणि ३ यांच्यामध्ये १२० ओहमचा रेझिस्टर. शेवटच्या फिक्स्चरच्या आउटमध्ये खोचायचा. तो का लागतो ते आकड्यांत बघू. केबलमधून सिग्नल मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद घेतो. लाईनचं टोक मोकळं असेल तर सिग्नल तिथून उलटा फिरतो. २० मीटरच्या लाईनवर तो जाऊन परत यायला ०.२ मायक्रोसेकंद लागतात. बिट ४ मायक्रोसेकंदांचा, त्यामुळे रिसीव्हर वाचेपर्यंत सगळं निवळलेलं असतं. २०० मीटरच्या लाईनवर मात्र तेच २ मायक्रोसेकंद होतात. म्हणजे परत आलेली लाट बरोबर बिटच्या मध्यावर येऊन आदळते, आणि रिसीव्हर साधारण तिथेच वाचत असतो. तालमीच्या हॉलमध्ये टर्मिनेटरशिवाय सगळं झकास चाललं आणि मैदानावर तोच सेट नाचायला लागला, याचं कोडं इथे सुटतं. केबलचा इंपीडन्स, म्हणजे धावत्या सिग्नलला ती दाखवते तो विरोध, १२० ओहमच्या आसपास आणि टोकाला १२० ओहमचा रेझिस्टर असला की लाट तिथेच जिरते.

माइकची केबल का चालत नाही, तेही यातूनच कळेल. तिचा इंपीडन्स बराच कमी असतो, आणि ती आवाजाच्या मंद सिग्नलसाठी बनलेली असते. डीएमएक्सच्या चौकोनी सिग्नलचे कोपरे ती गोल करून टाकते. दहा मीटरला काही बिघडत नाही. म्हणून तर ती सवय सुटत नाही.

हा घोटाळा टळावा म्हणून मानकात मुळात पाच पिनचा एक्सएलआर ठरवला होता. आपल्याकडच्या भाड्याच्या मालात मात्र तीन पिनच जास्त दिसतो. त्यात घाईघाईत साउंडची केबल लाईटला आणि लाईटची साउंडला जाते. साउंडच्या केबलवर फँटम पॉवर, म्हणजे माइकला केबलमधूनच दिली जाणारी ४८ व्होल्टची वीज, चालू असेल तर दिव्यातली चिप जाऊ शकते. दोन्ही विभागांच्या केबलना वेगळ्या रंगाच्या टेप लावणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

समजा लाईन दोन दिशांना न्यायची आहे, डाव्या विंगेत आणि उजव्या विंगेत. सगळ्यात सोपं म्हणजे वाय केबल. आणि तेच सगळ्यात चूक. १२० ओहमची लाईन जिथे दोन १२० ओहमच्या लाईनमध्ये फुटते तिथे सिग्नलला समोर ६० ओहम दिसतात. त्या फाट्यावरूनच काही भाग परत फिरतो, आणि दोन मोकळी टोकं आपापली लाट वेगळी पाठवतात. दोन्ही टोकांना टर्मिनेटर लावले तर बोर्डच्या आउटपुटवर दुप्पट भार पडतो. ऑडिओत वाय केबल चालते म्हणून इथेही चालेल, हा तर्क इथे लागू पडत नाही.

म्हणून स्प्लिटर. वरून पाहिलं तर एक इन आणि चार किंवा आठ आउट असलेला डबा. आत मात्र प्रत्येक आउटसाठी स्वतंत्र ड्रायव्हर चिप असते. ती येणारा सिग्नल वाचते आणि पुन्हा ताजा, पूर्ण ताकदीचा सिग्नल बाहेर पाठवते. त्यामुळे प्रत्येक आउट ही स्वतंत्र लाईन होते: तिचे स्वतःचे ३२ कान, तिची स्वतःची लांबी, तिचा स्वतःचा टर्मिनेटर. हो, प्रत्येक लाईनला वेगळा टर्मिनेटर लागतो. स्प्लिटरच्या 'थ्रू' सॉकेटमधून मात्र नवा सिग्नल निघत नाही. ती आधीचीच लाईन पुढे जाते. थ्रू मोकळा असेल तर टर्मिनेटर तिथेही हवा. काही डब्यांवर त्यासाठी बारीक स्विच असतो.

पण स्प्लिटर घेण्यामागचं खरं कारण जास्तीचे आउट हे नाही, असं माझं मत आहे. खरं कारण आयसोलेशन.

मैदानावरचा कार्यक्रम घ्या, गणपतीतला किंवा नवरात्रातला. बोर्ड प्रेक्षकांच्या मागे, त्याला वीज जवळच्या कुठल्यातरी इमारतीतून ओढलेली. दिवे स्टेजवर, त्यांना वीज जनरेटरची. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं. कागदावर दोन्ही शून्य व्होल्ट. प्रत्यक्षात त्या दोन शून्यांमध्ये काही व्होल्टचा, कधी त्याहून बराच जास्त फरक असतो. डीएमएक्स केबलची पिन १ ही दोन ठिकाणं एकमेकांना जोडते. मग त्या नाजूक शील्डमधून असा करंट वाहू लागतो ज्याचा सिग्नलशी काडीचा संबंध नाही. आरएस-४८५ चा रिसीव्हर आपल्या ग्राउंडच्या तुलनेत उणे ७ पासून अधिक १२ व्होल्टपर्यंतचं सरकणं सोसतो. त्यापुढे गेलं की आधी चुकीचं वाचतो, आणि मग कायमचा शांत होतो.

आयसोलेटेड स्प्लिटरमध्ये इन आणि आउट यांच्यात तारेने जोडणीच नसते. आत ऑप्टोकपलर नावाची चिप असते: एका बाजूला बारीकसा एलईडी, समोर प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर, मधे इन्सुलेशन. डेटा उजेडाच्या रूपाने पलीकडे उडी मारतो, व्होल्टेज मारू शकत नाही. दिव्यांचा हुकूम दिव्याच्याच लुकलुकण्यातून जातो, ही गंमत मला अजूनही आवडते. पावसात भिजलेल्या एखाद्या फिक्स्चरमध्ये २३० व्होल्ट डेटा लाईनवर आले, तर लूप मारलेल्या साखळीत ते थेट बोर्डपर्यंत पोचू शकतात. मधे आयसोलेशन असेल तर बहुतेकदा स्प्लिटरचा तेवढा एक आउट जातो.

मात्र डब्यावर 'ऑप्टो' लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. चांगल्या स्प्लिटरमध्ये इनपासून प्रत्येक आउट वेगळा असतोच, शिवाय आउट एकमेकांपासूनही वेगळे असतात. प्रत्येकाला स्वतःचा छोटा, वेगळा पॉवर सप्लाय असतो. स्वस्त डब्यात इन वेगळा, पण सगळे आउट एकाच सप्लायवर. म्हणजे डाव्या विंगेतला फॉल्ट उजव्या विंगेत जायला वाट मोकळी. तपासायला मल्टिमीटर पुरतो. डबा बंद करून, सगळ्या केबल काढून, कुठल्याही दोन आउटच्या पिन १ मध्ये कंटिन्युइटी बघा. बीप वाजली तर ते आउट आतून एक आहेत.

आणि हो, दोन अर्थिंगमधल्या या नको असलेल्या करंटवर, म्हणजे ग्राउंड लूपवर, उपाय म्हणून फिक्स्चरच्या प्लगमधली अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक आहेत. लोखंडी बारवर टांगलेल्या, माणसं हात लावतात अशा वस्तूची अर्थिंग काढणं म्हणजे फडफड थांबवायला जीव पणाला लावणं. अर्थिंग कधीही काढायची नाही.

नाट्यगृहात मांडणी साधारण अशी करता येते. बोर्ड शेवटच्या रांगेमागे. तिथून एकच चांगली केबल विंगेतल्या आठ आउटच्या स्प्लिटरपर्यंत. एक आउट फ्रंट बारला, एक पहिल्या बारला, एक मागच्या बारला आणि सायक्लोरामाच्या (मागच्या मोठ्या पडद्याच्या) दिव्यांना, दोन आउट दोन्ही विंगांतल्या जमिनीवरच्या दिव्यांना, एक डिमर रॅकला. दोन शिल्लक. काळोखात सेट बदलताना कुणाचा पाय विंगेतल्या केबलमध्ये अडकला तर तेवढेच दिवे जातात, फ्रंट चालू राहतो आणि नटाचा चेहरा दिसत राहतो. हेच सगळं एका साखळीत असतं तर त्या ठिकाणापासून पुढचं सगळं गेलं असतं. सिग्नल गेल्यावर दिव्याने शेवटचा उजेड धरून ठेवायचा की विझायचं, हे बऱ्याच फिक्स्चरच्या मेनूत ठरवता येतं. नाटकासाठी धरून ठेवणं बरं.

दौऱ्यावरच्या नाटकांना एक जास्तीचा सल्ला. आज दादर, उद्या ठाणे, परवा कोल्हापूर, असं फिरताना प्रत्येक नाट्यगृहाची लाईन वेगळ्या हातांनी टाकलेली असते. तिच्या आणि आपल्या मालाच्या मधे आपला स्वतःचा आयसोलेटेड स्प्लिटर ठेवावा. स्प्लिटरमागे स्प्लिटर अशी लांबलचक माळ मात्र करू नये. प्रत्येक डबा बिटच्या लांबीत किंचित फरक करतो आणि तो साठत जातो.

आता आरडीएम, म्हणजे रिमोट डिव्हाइस मॅनेजमेंट. २००६ मध्ये डीएमएक्सच्याच त्या दोन तारांवरून फिक्स्चरने उलट उत्तर द्यायची सोय मानकात आली. शिडी न लावता अ‍ॅड्रेस बदलता येतो, दिव्याचं तापमान वाचता येतं. पण साधा स्प्लिटर एकेरी रस्ता असतो, त्यातून उत्तर परत येत नाही. आरडीएम वापरायचं असेल तर मधला प्रत्येक डबा आरडीएमवाला हवा. आणि टर्मिनेटरची चालढकल इथे चालत नाही.

युनिव्हर्स तीन-चारच्या वर गेले की प्रत्येकाची वेगळी केबल ओढण्यापेक्षा नेटवर्क बरं पडतं. आर्ट-नेट ही पद्धत १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या आर्टिस्टिक लायसन्स या कंपनीने आणली. एसएसीएन हे नंतर आलेलं खुलं मानक. दोन्हींत बोर्डपासून स्टेजपर्यंत साधी नेटवर्क केबल जाते, आणि तिथे नोड नावाचा डबा तिच्यातून पुन्हा डीएमएक्स काढतो. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा स्विचपासून स्विचपर्यंत १०० मीटर. नोडच्या पुढे सगळं जुनंच राज्य: ३२ कान, टर्मिनेटर, स्प्लिटर. नेटवर्क आलं म्हणून शेवटच्या वीस मीटरचे नियम बदलत नाहीत. काही जुन्या इमारतींत नेटवर्कसारख्याच दिसणाऱ्या आरजे-४५ सॉकेटमधून थेट डीएमएक्स धावत असतं. मानकाने ते फक्त कायमच्या वायरिंगसाठी मान्य केलंय. ते चुकून नेटवर्क स्विचमध्ये खोचू नका, विशेषतः केबलमधूनच वीज पुरवणाऱ्या स्विचमध्ये.

आता समजा सगळं लावून झालंय, पहिली घंटा व्हायची आहे आणि लाईट नाचतायत. बोर्डमधले क्यू (साठवलेले प्रकाशबदल) बदलत बसू नका. स्प्लिटरचे आउट एकेक काढून बघा; नेमका कुठला काढल्यावर नाच थांबतो ते कळेल. त्या लाईनवर मधल्या फिक्स्चरचा आउट काढून तिथे टर्मिनेटर खोचा. थांबलं तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही तर अलीकडच्या. असं अर्धं-अर्धं करत गेलं की लवकरच एखादी केबल किंवा एखादा दिवा हाती लागतो. केबल संशयित असेल तर दोन्ही टोकं सोडवून एका टोकाला टर्मिनेटर लावा आणि दुसरीकडे मल्टिमीटरने पिन २ आणि ३ मोजा: १२० ओहमच्या जवळ यायला हवं. काहीच आलं नाही तर तार तुटलीय, शून्याच्या जवळ आलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. पिन १ आणि कनेक्टरचं धातूचं कवच यांच्यात मात्र बीप वाजता कामा नये. ते जोडलेलं असेल तर केबल लोखंडी बारला टेकली की ग्राउंड लूप पुन्हा दारात.

एवढं करूनही ठरावीक जुनेच दिवे अधूनमधून लुकलुकत असतील तर आरडीएमवर संशय घ्यायचा. जुने किंवा स्वस्त फिक्स्चर आरडीएमचा संदेश उजेडाचे आकडे समजून वाचतात. प्रयोगाच्या वेळी तशीही त्याची गरज नसते. बोर्डच्या मेनूत जाऊन ते बंद करा आणि एक सावकाश फेड घेऊन बघा.